दिवाणातले झूलवाले

वर्तमानपत्र मधोमध एकदा दुमडलं की जेवढं होतं, जवळजवळ तेवढं एक पुस्तक डोळ्यांपुढं आणा. पानं पिवळी पडलेली. मुखपृष्ठावर अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला एक आडदांड पुरुष, पाठीवर लांबलचक कापड फडफडतंय, आणि एका हातानं त्यानं आख्खं जहाज उचलून धरलंय. अशी बरीच पुस्तकं माझ्याकडं आहेत. इंग्रजी, परदेशी, माझ्या जन्माच्या आगंमागं छापलेली, साध्या कॉमिकच्या दुप्पट आकाराची. माणूस मोठा तर कागदही मोठा हवा, असं छापणाऱ्यांना वाटलं असणार. ती ठेवायची कुठं, याचा विचार मात्र त्यांनी केलेला दिसत नाही. धाराशिवातल्या कुठल्याही फर्निचरवाल्याच्या कपाटात ती उभी राहत नाहीत आणि आडवी मावत नाहीत.

त्यामुळं ती बैठकीतल्या दिवाणात असतात. वर गादी, खाली प्लायवूडचं झाकण, त्याच्या पोटात एकावर एक निजवलेले हे सगळे वीर. आणि गादीवर माझे वडील.

पहिलं पान घरात आणलं तेही त्यांनीच, हे सांगितलं तर ते आजही कबूल करणार नाहीत. तेरजवळचं आमचं गाव. मी शाळेत जात होतो. आबा बाजाराला सोलापूरला गेले होते आणि येताना कंदिलाची काच घेऊन आले. काच फुटू नये म्हणून दुकानदारानं ती एका थोरल्या रंगीत कागदात गुंडाळून दिली होती. आईनं काच काढून घेतली, मी कागद. त्यावर एक माणूस आभाळातून खाली येत होता आणि खालची सगळी माणसं तोंड उघडून वर बघत होती. अक्षर एक कळत नव्हतं. तो वाचवायला येतोय की मारायला, हेही कळत नव्हतं, आणि त्या न कळण्यातच मी कितीतरी दिवस अडकून पडलो. आबांनी तो कागद भिंतीवर चिकटवलेला बघितला तेव्हा एकच विचारलं, "ह्या गड्यानं पोळ्याच्या बैलावानी पाठीवर झूल कशापायी घातलीय?"

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव झूलवाले.

पुढं धाराशिवात आलो, फोटोफ्रेमचं दुकान टाकलं आणि हातात चार पैसे यायला लागल्यावर शोध सुरू केला. इथल्या रद्दीवाल्या चाचांना माझं वेड ठाऊक आहे. परदेशातनं गठ्ठ्यांनी येणारी रद्दी त्यांच्या सोलापूरच्या मेहुण्याकडं उतरते, तिच्यात कधीमधी माझा माल सापडतो. चाचा अजून उस्मानाबादच म्हणतात आणि फोन करून अर्धं बोलणं दखनीत करतात. "आवो, तुमचा झूलवाला आलाय बघा. बडा साइज हय. पाठीमागचं पान न्हाय, पन मानूस पुरा हय." मग मी दुकानाचं शटर ओढतो आणि जातो. पुण्या-बंगळुरूकडचे संग्राहक मोबाइलवरच्या ग्रुपात आपापले खजिने दाखवत असतात. त्यांच्याकडं हवाबंद पेट्या आहेत, हातमोजे आहेत. माझ्याकडं दिवाण आहे आणि भीती आहे.

भीतीचं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण माझा स्वभाव हाच. लोक एखादी गोष्ट जमवतात आणि खूश होतात. मी जमवतो आणि घाबरतो. ओल येईल, ऊन लागेल, पाहुण्याच्या पोरानं तेलकट हातानं पान उलटलं तर, नळ फुटला तर, उंदीर शिरला तर. भाद्रपदात हवा दमट असते म्हणून बैठकीच्या खिडक्या उघडायला मी बंदी घातलेली. बायको म्हणते, "आमाला घाम आला तर चालंल, तुमच्या झूलवाल्यांना येऊ नये." ती बोलते ते खरंच आहे.

आणखी एक भीती आहे, ती दुकानातली. फोटोफ्रेमच्या धंद्यात अर्धे फोटो देवांचे आणि अर्धे गेलेल्यांचे. घरातलं माणूस गेलं की त्याचा बरा फोटो कुणाकडंच सापडत नाही. मग मुलगा किंवा जावई डोळे सुजवून दुकानात येतो आणि आधार कार्ड पुढं करतो. एवढासा घाबरलेला चेहरा, त्याला आम्ही मोठं करतो, शर्टाच्या जागी कोट बसवतो, मागं निळं आभाळ घालतो. मुलगा विचारतो, "दहाव्याच्या आधी मिळंल ना?"  आपण कधीतरी काउंटरच्या पलीकडं उभे असू, हा विचार फ्रेमला खिळे ठोकताना हमखास येतो.

आबांना हे सगळं दिसत असावं. मागच्या दिवाळीत ते पांढराशुभ्र सदरा आणि फेटा घालून आपणहून दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एक झ्याक फोटू काढ आन् मोठा करून ठिव. मागनं तुजी धावपळ नगं." आमच्याकडं बरीच म्हातारी माणसं हे करतात, त्यात वावगं काही नाही. मी हसत हसत फोटो काढला, चांगला थोरला करून आणला. पण त्याला फ्रेम करणं मला जमेना. रिकामी फ्रेम त्याच्या मापानं कापायलासुद्धा हात धजेना. भिंतीवर जिवंत माणसाचा फोटो लावत नाहीत, दुकानात ठेवला तर गिऱ्हाइकाच्या नजरेला पडणार. आकार नेमका झूलवाल्यांच्याच मापाचा होता. मी तो प्लॅस्टिकमध्ये घातला आणि दिवाणात पुस्तकांच्या मधोमध ठेवून दिला, आणि त्याचा विचार करायचं सोडलं.

आई गेल्यावर आबा आमच्याकडं आले. शेत भावकीतल्या एकाला बटईनं दिलंय, पण रब्बीची ज्वारी अजून आमच्या वाट्याची येते आणि ती ठेवायचं काम अजून त्यांचंच. पत्र्याची कोठी मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडाखाली. ज्वारी वाळवायची, चाळायची, कडुलिंबाचा पाला घालायचा, खत-औषधांच्या दुकानातनं आणलेल्या धान्यातल्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवायच्या, झाकण लावायचं, झाकणाच्या कडेनं ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि वर दगड. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. आमच्या ज्वारीला कधी कीड लागलेली मी बघितली नाही.

झूलवाल्यांना मात्र लागली.

भाद्रपदातल्या त्या संध्याकाळी मी दिवाण उघडला आणि माझ्या सगळ्यांत लाडक्या पुस्तकाच्या कण्याजवळ बारीक भुगा दिसला. कसर. पान उलटलं तर जहाज उचलणाऱ्याच्या दंडाला चाळण झालेली, आणि एक चंदेरी किडा माझ्या डोळ्यांदेखत शिवणीत शिरला.  कसर एका पुस्तकावर थांबत नाही. मी पुस्तकं बाहेर काढून झटकायला लागलो, जेवायला हाक आली तेव्हा ती परत आत ठेवली. ताटावर बसून बायकोला म्हणालो, "गेलं सगळं. वर्षभरात भुगा होणार बघ."

आबा समोर जेवत होते. "कसलं किडं हायती?" त्यांनी विचारलं.

"कसर हो, आबा. कागद खाणारी."

"ज्वारीतल्यावानी व्हय?"

"तसंच समजा."

ते खाली मान घालून भाकरी चुरत राहिले. जेवण झाल्यावर दिवाणापाशी गेले, झाकण वर करून बराच वेळ आत बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या पेटीत डोकावत होते. मला वाटलं, एवढ्या पैशात किती शेरडं आली असती, असा हिशेब चालला असेल. तो त्यांनी पूर्वी बोलून दाखवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आलो तर बायको दोन गोष्टींवरून तणतणत होती. एक, तुळशीची माती कुणीतरी उकरली होती; तिचा संशय शेजारच्या मांजरावर. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. बैठकीत लसणाचा वास येत होता.

ती चातुर्मास पाळते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. येऊ दिलाच जात नाही. गेल्या वर्षी पाहुण्यांनी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण निघाला तर तिनं ती डब्यासकट शेजारी देऊन टाकली होती. त्यामुळं तिनं सरळ माझ्याकडं मोर्चा वळवला. "काल दुकानातनं येताना काय खाऊन आलाव? खरं सांगा."

"देवाशपथ काही नाही."

"मग वास भिंतीला येतोय का?"

मी हुंगलं. वास होता. लसणाचा, पण भाजीतल्यासारखा नाही, जरा कुजकट. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझा कागद कुजायला लागला. ओल शिरली. मी खिडक्यांच्या कड्या परत तपासल्या, घट्ट लावल्या, आता झाकण उघडलं तर आणखी ओल आत जाईल म्हणून दिवाणाला हात लावला नाही, कुणी उघडायच्या नाहीत म्हणून बजावलं आणि दुकानात गेलो. आबा बाहेर कट्ट्यावर बसले होते. "जाऊन येतो," म्हटलं तर ते म्हणाले, "जा जा. बिनघोर जा." एरवी ते नुसती मान हलवतात.

दुपारी दुकानात एक तरुण बसला होता. वडलांचं आधार कार्ड घेऊन आलेला. मी त्या फोटोला कोट चढवत होतो तेवढ्यात फोन वाजला. बायको नीट बोलू शकत नव्हती. "लवकर या. आबांना वांत्या व्हायल्यात. दिवाणावर झोपले होते, उठले ते छाती धरूनच. श्वास घेता येईना म्हणतेत."

मी त्या तरुणाला काय सांगितलं ते आठवत नाही. पडद्यावर त्याच्या वडलांचा चेहरा अर्धाच कोटात होता, आणि तो तसाच टाकून मी पळालो. रस्ताभर मला दिवाणातला तो फोटो दिसत होता. फेटा, पांढरा सदरा. तयार. मीच तयार करून ठेवलेला.

रिक्षात आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, कपाळावर गार घाम. ते काहीतरी पुटपुटत होते, पण दर वेळी उमासा येई आणि शब्द आतच राही. मी मोठ्यानं बोलत होतो, "काही नाही आबा, पित्त आहे, पित्त." रिक्षावाल्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि वेग वाढवला. त्याच्या त्या बघण्यानं मी आणखीच घाबरलो. बायकोला मी घरी थांबवलं होतं. आबांचे कपडे, चादर, कागदपत्रं घेऊन मागून ये म्हणून.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. नाकाला ऑक्सिजन लावला, छातीला तारा चिकटवल्या. तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी कागदाची पट्टी बघितली, आबांच्या तोंडाजवळ वाकल्या, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "त्यांनी काही घेतलंय का? फवारणीचं औषध, धान्यातली गोळी, असं काही?"

"छे हो. ते कशाला घेतील?"

"घरात काही वाद?"

"नाही."

आमच्या भागात हा प्रश्न विचारावाच लागतो, हे मला माहीत आहे. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.  पण मी "नाही" म्हणालो आणि माझ्याच मनानं उलट विचारलं, कशावरून नाही? काल ताटावर गप्प बसलेला म्हातारा. दिवाणात डोकावून उभा राहिलेला. तिथं त्यांनी आपला फोटो बघितला असेल. पोरानं आपल्याला आत्ताच पेटीत घालून ठेवलंय, असं त्यांना वाटलं असेल तर? सकाळी म्हणाले, बिनघोर जा. कुणी असं उगाच म्हणतं का?

मी भिंतीला टेकलो.  डॉक्टर बाई म्हणाल्या, "नीट आठवा. उलटीला, कपड्यांना कसला वास होता का? लसणासारखा?"

लसूण.

आणि मला आई आठवली. गावात कोठीत गोळ्या टाकल्या की ती आम्हा पोरांना शेडाकडं फिरकू द्यायची नाही. "लसणाचा वास गेल्याबिगर तिकडं जायाचं न्हाय. जीव जातो." मी लसणाला भ्यायचो तेव्हा, स्वयंपाकघरातल्या लसणालासुद्धा. ती भीती मी कधी विसरलो कुणास ठाऊक. बाकीच्या शंभर भीती सांभाळताना तेवढी एक हातातनं निसटली होती.

"गोळीच आहे," मी म्हणालो. "सकाळपासून घरात लसणाचा वास होता. पण खाल्ली की घरात कुठं ठेवली, ते मला..."

डॉक्टर बाईंचा चेहरा बदलला. "आत्ता घरात कोण आहे?"

बायको होती. आबांचे कपडे काढायला बैठकीतच गेली असणार, कारण त्यांची पिशवी दिवाणाच्या कोपऱ्याला असते. आणि खिडक्या बंद. माझ्या हुकमानं बंद. "त्यांना ताबडतोब बाहेर काढा, दारं उघडी टाका, आत कुणी जाऊ नका," डॉक्टर बाई बोलत होत्या आणि मी फोन लावत होतो. रिंग जात होती. उचलत नव्हती. परत लावला. उचलत नव्हती. मी आबांकडं एकदा काचेतून बघितलं; त्यांची छाती हलत होती एवढंच बघितलं, आणि पळत सुटलो.

घर तसं जवळच आहे. पण ती वाट मी कशी काढली, ते विचारू नका. तिला शेवटचं काय बोललो होतो, तेच आठवत होतं. कागदपत्रं विसरू नको. बस. इतकंच बोललो होतो. दोन्ही माणसं एका दुपारी जातील, आणि दोन्ही माझ्या त्या खोलीत, अशी माझी खात्री पटत चालली होती.

ती पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, डोकं दोन्ही हातांत. मला बघून म्हणाली, "डोकं लई गरगरायलंय. म्हणून जरा वाऱ्यावर बसले. फोन आतच राहिला." मी रस्त्यातच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती घाबरली, तिला वाटलं आबा गेले. "आहेत, आहेत," एवढंच मला म्हणता आलं.

दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहून मी बैठकीत बघितलं. गादी आबांनी झोपताना जशी केली होती तशीच, चुरगळून एका बाजूला सरकलेली. आणि तिच्या खाली, दिवाणाच्या झाकणाच्या कडेकडेनं, मातीची एक ओळ. ओल्या मातीचा लेप, बोटांनी दाबून सारखा केलेला, एव्हाना वाळून भेगाळलेला. तुळशीची माती. फटीत फडक्याच्या चिंध्या कोंबलेल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या.

कोठी. त्यांनी दिवाणाची कोठी केली होती.

माझ्या जिवात जीव आला, कारण गोळ्या तिथं होत्या. त्यांच्या पोटात नव्हत्या. त्यांना जायचं नव्हतं. त्यांना माझी ज्वारी वाचवायची होती. त्याच क्षणी एक विचार असाही आला, खोटं कशाला बोलू, की दार असं सताड उघडं आहे, बाहेर पावसाची भुरभुर आहे आणि सगळी ओल आता आत चाललीय. तो विचार मी तिथंच उंबऱ्याबाहेर सोडला. शेजाऱ्यांना लांब राहायला सांगितलं, बायकोला रिक्षात घातलं आणि निघालो. घर आम्ही नंतर माहीतगार माणसाकडूनच मोकळं करून घेतलं.

बायकोला तपासून, थोडा वेळ ठेवून घेऊन सोडलं. आबांचं तसं नव्हतं. "हा वायू आहे, त्याला उतारा नाही," डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं. "पोटात गेली असती तर मी तुम्हाला आशा दाखवली नसती. श्वासावाटे गेलंय. हृदयानं दम धरला तर निघतील. बघत राहायचं." मग आम्ही बघत राहिलो. यंत्रावरची हिरवी रेघ वर जायची, खाली यायची. ती खाली गेली की मी श्वास धरायचो. जहाजं उचलणारे, आभाळातनं उतरणारे इतके सगळे माझ्या घरात पडून होते, आणि त्यांची राखण करायला गेलेला हा माणूस एका साध्या श्वासाला महाग झाला होता. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की त्या वेळी कुणी मागितले असते तर चाचांच्या तराजूत घालून दिले असते.

सकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाल्या, "बोलवायलेत."

आबांचा रंग थोडा परतला होता. तोंडावर मास्क, डोळे अर्धवट उघडे. डॉक्टर बाईंनी त्यांना आधीच विचारलं असावं, कारण मी शिरलो तेव्हा ते मास्कच्या आतून कुरकुरत होते, "खायाला म्या काय येडा हाय व्हय? पुस्तकात किडं व्हती पोराच्या."

मी त्यांचा हात धरला. गार होता. "आबा, गोळ्या ठेवल्या ते ठेवल्या. पण वर झोपलाव कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की हे पोर शेतकऱ्याच्या घरात वाढलं तरी कसं. "झाकण हलकं हाय त्या दिवाणाचं. वर दगूड नगं का?" दम लागला म्हणून थांबले. "घरात दगूड कुठला. म्हणलं, आपुनच पडावं."

मला हसू आलं आणि मी डोळे पुसले. नर्स बाई बोलू नका म्हणून रागावल्या. आबांनी डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर मी यंत्राकडं बघितलं. हल्ली ही खोडच लागलीय. अजून ते दुपारी झोपले की मी दारात उभा राहून त्यांची छाती हलते का बघतो, आणि ते डोळे न उघडता म्हणतात, "हाय, हाय. जा दुकानाला."

पण त्या सकाळी डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मास्क जरासा उचलला.

"किडं मेलं का?"

घरात अजून कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आतलं कुणीच काही बघितलेलं नव्हतं. "मेलं," मी म्हणालो. "एकबी राहिलं न्हाय, आबा."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखं डोळे उघडले, आणि मला कळलं की आता तो विषय येणार. 

"माजा फोटू हाय त्यात. झूलवाल्यांच्या मदी."

"व्हय."

"त्याला कसर लागली न्हाय न्हवं?"

"न्हाय. चांगला आहे."

 मास्कवर त्यांच्या श्वासाची वाफ येत होती आणि जात होती.

"मग ऱ्हाऊ दे अजून तिथंच," ते म्हणाले.